सिंबलच्या ब्रँडांचा आवाज ताडून पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंबलबद्दलचे, म्हणजे ड्रमसेटवरच्या धातूच्या झांजांबद्दलचे, बहुतेक प्रश्न "कोणता ब्रँड चांगला?" इथून सुरू होतात. खाली तेच प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झिल्जियन, सेबियन, पायस्टी, माइनल यांच्या आवाजात खरंच फरक असतो, की फरक नुसत्या नावाचा?

फरक असतो, पण तो ब्रँडपेक्षा मालिकेचा जास्त असतो. झिल्जियनचा ए कस्टम आणि झिल्जियनचाच के कॉन्स्टँटिनोपल शेजारीशेजारी वाजवा. एक लख्ख, झटकन फुटणारा आणि दुसरा खालच्या पट्टीतला, दाट. दोन्हींवर एकच नाव छापलेलं आहे, हे डोळे मिटून कुणी ओळखणार नाही. याउलट ए कस्टम आणि सेबियनचा एएएक्स हे एकाच मापाचे, एकाच वजनाचे घेतले तर भलेभले गोंधळतात.

म्हणून "झिल्जियन की सेबियन?" या प्रश्नाला उत्तर नाही. "१८ इंची, १३०० ग्रॅमचा ए कस्टम की तेवढ्याच वजनाचा एएएक्स?" या प्रश्नाला आहे. तुलना करताना माप, वजन, मालिका आणि वापर या चार गोष्टी जुळवून घ्या. ब्रँडचा नंबर पाचवा.

२. ब्राइट, डार्क, ड्राय, वॉश, ट्रॅशी म्हणजे नेमकं काय ऐकायचं?

ब्राइट म्हणजे वरच्या कंप्रतांचा भर असलेला, टोकदार आवाज. तो गोंगाटातून वाट काढतो. डार्क म्हणजे वरचे स्वर कमी आणि मधले, खालचे स्वर जास्त. डार्क म्हणजे कमी आवाजाचा, असा एक गैरसमज आहे. पातळ आणि डार्क क्रॅश (ठळक, फुटणाऱ्या फटक्यासाठीचा सिंबल) जोरात मारला तर चांगला मोठा वाजतो, फक्त टोचत नाही.

ड्राय म्हणजे घुमारा लवकर आवरणारा. यात काठीचा "टक्" स्पष्ट राहतो आणि मागे आवाजाची लाट साठत नाही. ती साठणारी लाट म्हणजे वॉश. राइडवर (ज्यावर सलग ठेका धरतात तो मोठा सिंबल) सलग आठ-दहा फटके मारा. नववा फटका पहिल्याइतकाच सुटा ऐकू येत असेल तर वॉश कमी, आणि काठीचे टोक लाटेत बुडालं असेल तर वॉश जास्त. ट्रॅशी म्हणजे मुद्दाम खरबरीत, फाटल्यासारखा आवाज. चायना सिंबलमध्ये तो ठासून भरलेला असतो. भोकं पाडलेल्या क्रॅशमध्येही तो येतो, कारण भोकांमुळे कंपनं मध्येच तुटतात.

३. बी२०, बी८, ब्रास यांतला फरक कानाला कळतो का?

कळतो. बी२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, काही ठिकाणी चांदीचा अंश. बी८ म्हणजे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील. ब्रासमध्ये कथलाऐवजी जस्त असतं. माइनलच्या एचसीएस मालिकेचा ब्रास ६३ टक्के तांबं आणि ३७ टक्के जस्ताचा आहे.

बी२० हा ठिसूळ मिश्रधातू आहे. थंड अवस्थेत त्याचा पत्रा लाटता येत नाही. म्हणून त्याची एकेक लगड ओततात, भट्टीत तापवून पुन्हापुन्हा लाटतात आणि शेवटी तापलेली चकती पाण्यात विझवतात. पोलाद असं विझवलं तर कडक होतं. जास्त कथील असलेलं ब्राँझ उलट लवचीक होतं, आणि म्हणूनच पुढे त्यावर हातोडा चालतो. बी८ चा मात्र मोठा पत्रा तयार होतो आणि त्यातून चकत्या कापता येतात. कारखान्याच्या दृष्टीने हे बरंच सोपं.

आवाजात बी२० मध्ये एकाच फटक्यात अनेक थर ऐकू येतात आणि हळू-जोरात वाजवण्यातला फरक जास्त उमटतो. बी८ सरळ, मोकळा, ठराविक पट्टीचा वाटतो. ब्रास चटकन विझतो आणि जोरात मारला की थाळीसारखा खणखणतो. पण "बी८ म्हणजे हलका माल" हे समीकरण चुकीचं आहे. ते का, ते प्रश्न ८ मध्ये.

४. वजनाचा आवाजावर किती परिणाम होतो?

इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त. माप तेच ठेवून वजन वाढलं की पट्टी चढते, घुमारा लांबतो, काठीचा टिचका स्पष्ट होतो, आणि सिंबल उघडायला जास्त जोर लागतो. पातळ सिंबल लवकर फुलतो, लवकर विझतो.

हाताशी ठेवायला काही ढोबळ आकडे. १६ इंची क्रॅश ९५० ग्रॅमच्या आत असेल तर पातळ, ११०० च्या पुढे मध्यम. १८ इंची क्रॅश १२०० ते १३०० ग्रॅम पातळ, १५०० च्या आसपास मध्यम. २० इंची राइड १९०० ग्रॅमच्या आत पातळ, २१०० ते २३०० मध्यम, २६०० च्या वर जड. "थिन", "मीडियम थिन" हे शिक्के कंपनीगणिक बदलतात, म्हणून सिंबल काट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला ५ किलोपर्यंतचा डिजिटल काटा पुरतो. सिंबलने पडदा झाकला जात असेल तर आधी काट्यावर वाटी ठेवून शून्य करा आणि वाटीवर सिंबल पालथा ठेवा.

५. मग हॅमरिंग आणि लेथचं काय? वजन तेच असूनही दोन सिंबल वेगळे का वाजतात?

वजनानंतरचा मोठा वाटा याच गोष्टींचा. हातोड्याचा प्रत्येक ठोका धातूत ताण निर्माण करतो. ठोके एकसारखे, यंत्राने ठरवलेल्या जागी पडलेले असतील तर कंपनं नीटस पसरतात आणि आवाज स्वच्छ येतो. ठोके कमी-जास्त खोल आणि विखुरलेले असतील तर कंपनं एकमेकांत गुंततात, आवाज दाट आणि काहीसा खरबरीत होतो. हाताने ठोकलेल्या तुर्की सिंबलचा जो गुण सांगितला जातो, तो बहुतांशी इथून येतो.

लेथवर कातताना पडणारे चरे आवाज मोकळा करतात. न कातलेला, काळसर कच्च्या पृष्ठाचा सिंबल ड्राय वाजतो. दोन पट्टे कातलेले आणि बाकी कच्चा ठेवलेला असेल तर गुणही अर्धे-अर्धे. सिंबल उजेडात तिरका धरला की चरे आणि ठोके दोन्ही दिसतात, आणि न वाजवताही बराच अंदाज येतो.

उरला आकार. बाजूने पाहिल्यावर उंच कमानीचा सिंबल वरच्या पट्टीत वाजतो, चपटा खाली. बेल, म्हणजे मधला फुगवटा, मोठी असेल तर घुमारा आणि वरचे स्वर वाढतात. बेल लहान असेल तर आवाज आवरता राहतो. बेल नसलेला फ्लॅट राइड याचं टोकाचं उदाहरण: वॉश जवळपास नाहीच, फक्त टिचका. कडेकडे धातू किती पातळ होत जातो, यावर क्रॅश किती पटकन उघडणार हे ठरतं. वजन तेच, पण कड पातळ आणि बेलजवळ जाड असा सिंबल राइड म्हणून वाजवताही येतो आणि कडेवर मारून क्रॅशही करता येतो.

६. झिल्जियनचा ए घ्यावा की के?

झिल्जियन घराण्याचं काम १६२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सुरू झालं. १९२९ मध्ये अवेडिस झिल्जियन तिसरे यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढला आणि तिथले सिंबल ए नावाने ओळखले गेले. के नावाचे सिंबल इस्तंबूललाच बनत राहिले. जॅझ ड्रमर टोनी विल्यम्स १९६० च्या दशकात ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवायचे ते त्या जुन्या के सिंबलवर. आजच्या के मालिकेचं नाव आणि रोख तिकडूनच येतो, पण आता ते बनतात अमेरिकेत.

ए ही ब्राइट बाजू, रॉक, पॉप, फंक, मोठा मंच अशा ठिकाणी बिनधास्त. ए कस्टम त्याहून पातळ, चकचकीत आणि झटपट. के डार्क आणि दाट. के कॉन्स्टँटिनोपल जास्त पातळ आणि नाजूक, जोरात वाजवणाऱ्या हाताला तो सोसत नाही. एकच मालिका घ्यायची असेल आणि वाजवायला सगळ्या प्रकारचं संगीत येत असेल, तर साधी के हा सर्वात सुरक्षित मध्य आहे. तिचा क्रॅश गाण्याच्या मध्ये येत नाही आणि राइडचा टिचका हरवतही नाही.

७. सेबियन म्हणजे झिल्जियनचीच दुसरी आवृत्ती, असं म्हणतात. खरं आहे का?

मूळ एक आहे. रॉबर्ट झिल्जियन कुटुंबाच्या कंपनीतून वेगळे झाले आणि १९८१ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मेडक्टिक इथे त्यांनी सेबियन सुरू केली. दोन्हीकडे वरच्या मालिका बी२० च्या आहेत, त्यामुळे जोड्या लावता येतात: ए ला एए, ए कस्टमला एएएक्स, के ला एचएच, के कस्टमला साधारण एचएचएक्स.

जोड्या लावल्या तरी आवाज हुबेहूब नसतो. एएएक्स ए कस्टमपेक्षा किंचित करकरीत, मोठ्या आवाजात जास्त टिकणारा. एचएचएक्समध्ये डार्क सिंबलची खोली आहे, पण वरची धारही ठेवलेली आहे, म्हणून माईकशिवायच्या रॉक बँडमध्ये तो के पेक्षा सहज ऐकू येतो. खालच्या पायरीवर फरक स्पष्ट होतो: सेबियनची एक्सएसआर मालिका बी२० ची, तर झिल्जियनची एस मालिका बी१२ ची. एस टोकदार, एक्सएसआर जरा गोल.

८. पायस्टीचा आवाज इतरांपेक्षा वेगळा का वाटतो?

स्वित्झर्लंडमधल्या नॉटविलची ही कंपनी तुर्की पद्धतीच्या मागे धावली नाही. तिचा भर एका मॉडेलचा प्रत्येक नग शक्य तितका सारखा वाजण्यावर आहे. १९७१ पासून निघणारी २००२ मालिका बी८ ब्राँझची आहे, आणि कित्येक दशकं मोठ्या रॉक मंचांवर ती टिकून आहे. लेड झेपेलिनचे ड्रमर जॉन बॉनम पायस्टीच्या जायंट बीट आणि २००२ मालिका वाजवायचे. त्याच मिश्रधातूतून एका हाताखाली साधा सराव सिंबल बनतो आणि दुसऱ्या हाताखाली २००२. मिश्रधातूवरून दर्जा ठरवू नये, ते याचसाठी.

२००२ चा क्रॅश स्वच्छ, एका पट्टीत बांधलेला, चमकदार. १९८९ मध्ये आलेल्या सिग्नेचर मालिकेसाठी कंपनीने स्वतःचं ब्राँझ पेटंट केलं. तिचा आवाज तलम, वरचे स्वर भरपूर पण न टोचणारे, रेकॉर्डिंगमध्ये सुरेख बसतो. १९५९ पासूनची फॉर्म्युला ६०२ मात्र बी२० ची, नाजूक आणि काचेसारखी नितळ. दाट, मळकट, जुनाट आवाज हवा असेल तर या तिन्हींत तो शोधत बसू नका. त्यासाठी पायस्टीची मास्टर्स मालिका ऐका किंवा प्रश्न १० पाहा.

९. माइनल बायझान्समध्ये इतके प्रकार आहेत. कुठून सुरुवात करू?

माइनल जर्मन कंपनी असली तरी बायझान्स सिंबल तुर्कस्तानात बी२० पासून बनतात. ट्रॅडिशनल आणि ब्रिलियंट हे कातलेले, सर्वसाधारण वापराचे. डार्क आणि एक्स्ट्रा ड्राय यांत बराच भाग न कातलेला, त्यामुळे आवाज लवकर आवरतो. जॅझ पातळ आणि हळुवार. व्हिंटेजमध्ये काठीचा ठसा जास्त, घुमारा कमी.

सुरुवात ट्रॅडिशनलपासून करा. तो ऐकल्याशिवाय "एक्स्ट्रा" किती ड्राय आहे हे समजत नाही. एक्स्ट्रा ड्राय हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) व्हिडिओमध्ये फार मोहक वाटतात. माईकशिवायच्या खोलीत गिटार सुरू झालं की त्या गायब होतात, हे लक्षात ठेवून निवड करा.

१०. इस्तंबूल आगोप, इस्तंबूल मेहमेत, बॉस्फरस, ड्रीम, यूफिप यांना कुठे बसवायचं?

मेहमेत आणि आगोप या कारागिरांनी १९८० मध्ये इस्तंबूल नावाने काम सुरू केलं. १९९६ मध्ये आगोप वारले आणि त्या कंपनीच्या इस्तंबूल आगोप आणि इस्तंबूल मेहमेत अशा दोन वेगळ्या कंपन्या झाल्या. दोन्ही आणि बॉस्फरस हाताने ठोकलेल्या बी२० चे सिंबल बनवतात. आवाज डार्क, गुंतागुंतीचा, पातळ सिंबलमध्ये वॉश भरपूर. जॅझ, नव-सोल, छोट्या खोलीतलं अकूस्टिक वादन यांसाठी उत्तम.

ड्रीम ही कॅनडातली कंपनी चीनमधल्या वुहानमध्ये सिंबल बनवून घेते. पातळ, खालच्या पट्टीतले, थोडे रानटी. यूफिप इटलीतल्या पिस्तोयाची. तिथे वितळलेला धातू फिरत्या साच्यात ओततात आणि बेल साच्यातच घडते. त्यांच्या बेलचा आवाज ठसठशीत असतो. राइडवर बेल खूप वाजवणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा.

११. दुकानात किंवा सरावाच्या खोलीत तुलना नेमकी कशी करायची?

आधी तयारी: रोजची काठी, स्वतःचा एक ओळखीचा सिंबल आणि काटा. ओळखीचा सिंबल फार महत्त्वाचा. खोली अनोळखी असली तरी तुमचा सिंबल तिथे कसा बदलला हे कळतं आणि तेवढी वजाबाकी करता येते.

१. सगळे सिंबल एकाच स्टँडवर, एकाच उंचीवर आणि कलावर लावा. खाली-वर फेल्ट, मध्ये नळी. नट एवढाच आवळा की सिंबल बोटाने ढकलला तर मोकळा डुलेल. घट्ट आवळलेला चांगला सिंबलही मेल्यासारखा वाजतो.

२. आधी अगदी हळू. काठीच्या टोकाने मधल्या भागावर, मग बेलवर. हळू वाजवताना जो आवडत नाही तो जोरात सहसा आवडत नाही.

३. मग कडेवर काठीच्या मानेने तिरका, निसटता फटका. तीन पातळ्या: हळू, मध्यम, जोरात. कोणत्या पातळीला सिंबल उघडतो ते पाहा. जोरातच उघडत असेल आणि तुमचं वादन मध्यम असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

४. विझू द्या. शेवटचा आवाज जाईपर्यंत थांबा. ओंगळ, डगमगणारा स्वर असेल तर तो इथेच सापडतो.

५. कुणाला तरी वाजवायला सांगून चार-पाच मीटर लांब उभे राहा. ऐकणाऱ्याला जे पोचतं ते हे. टिचका आणि खरबरीतपणा अंतराने कमी होतो, मुख्य पट्टी उरते.

६. शेवटी सिंबलकडे पाठ फिरवून ऐका. नाव दिसत नसलं की निवड बदलते.

दर सात-आठ सिंबलनंतर दहा मिनिटं शांत बसा. वरचे स्वर सतत ऐकले की कान थकतात आणि मग सगळेच सिंबल मंद वाटू लागतात. कानात बोळे घालूनही एक फेरी करा, कारण तुम्ही रोज तसंच वाजवत असाल तर तुम्हाला तोच आवाज ऐकू येणार आहे.

१२. व्हिडिओवरून तुलना केली तर चालेल का?

निवड आटोक्यात आणायला चालेल, अंतिम निर्णयाला नाही. सगळे सिंबल एकाच व्हिडिओत, त्याच माईकने, त्याच खोलीत वाजवलेले असतील तरच त्यांची आपसांत तुलना करा. वेगवेगळ्या चॅनेलवरच्या दोन व्हिडिओंची तुलना म्हणजे दोन माईकची तुलना. आवाज समान पातळीवर आणा, कारण किंचित मोठा वाजणारा सिंबल कानाला उगाच चांगला वाटतो. फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर पोचतच नाहीत आणि डार्क-ब्राइट फरक निम्मा पुसला जातो. हेडफोन लावा. काही कंपन्या प्रत्येक नगाचा वेगळा ध्वनी आणि वजन दाखवतात. दूरवरून घ्यायचंच असेल तर असा नग घ्या.

१३. एकाच मॉडेलचे दोन सिंबल वेगळे वाजतात. यातला एक बनावट आहे का?

बहुधा नाही. १८ इंची एकाच मॉडेलमध्ये ८०-१०० ग्रॅमचा फरक सहज असतो आणि प्रश्न ४ प्रमाणे पट्टी त्याबरोबर हलते. हाताने ठोकलेल्या मालिकांत हा फरक जास्त, पायस्टीमध्ये कमी. म्हणूनच "मित्राकडे हाच आहे, डोळे झाकून मागवतो" असं करू नका. त्याच्या सिंबलचं वजन विचारा आणि ५० ग्रॅमच्या आतला नग मागा.

१४. हाय-हॅटची तुलना करताना वेगळं काय पाहायचं?

जोडी म्हणून पाहायचं. सहसा वरचा हलका आणि खालचा जड असतो. १४ इंचीत वरचा ९०० ते १००० ग्रॅम, खालचा १२०० ते १४००. हा फरक जास्त असेल तर बंद हाय-हॅटचा "टिक्" कडक आणि पायाचा "चिक्" ठळक. दोन्ही हलके असतील तर आवाज मऊ, पण पायाचा आवाज बँडमध्ये हरवतो.

प्रत्येक जोडीला अंतर सारखंच ठेवा, साधारण २ सेंटीमीटर. खालचा सिंबल स्टँडच्या स्क्रूने थोडा कलता करा. तो सपाट असेल तर दोन्ही कडा एकदम टेकतात, आत हवा कोंडते आणि "चिक्" ऐवजी "फुस्" येतो. नव्या जोडीला नावं ठेवण्याआधी हे तपासा, कारण अशा बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. याच अडचणीवर पायस्टीने साउंड एज नावाने खालच्या सिंबलची कड लहरी केली आणि झिल्जियनने क्विक बीटच्या खालच्या सिंबलला भोकं पाडली. दोन्हींचा "चिक्" झणझणीत आणि झटपट असतो.

दोन ब्रँडची जोडी लावायची असेल तर खुशाल लावा. वर के, खाली ए ही जुनी आणि यशस्वी युक्ती आहे. फक्त दोन्ही कडा नीट जुळतात का ते उजेडापुढे धरून पाहा.

१५. राइड चांगला की वाईट, हे पटकन कसं ओळखू?

तुमच्या सर्वात वेगवान गाण्याचा ठेका दोन मिनिटं न थांबता वाजवा. पहिल्या दहा सेकंदांत सगळे राइड छान वाटतात. दोन मिनिटांनंतर टिचका लाटेत बुडाला का, आणि बेलकडे गेल्यावर बेल वेगळी उठून येते का, एवढंच पाहा. काठी बदलूनही पाहा: नायलॉनचं टोक ब्राइट आणि टोकदार, लाकडी टोक गोल आणि कोरडं. वॉश जास्त असलेला राइड आवडला असेल तर बेलपासून कडेकडे सरकत वाजवा. बेलजवळ टिचका जास्त सापडतो आणि तेवढ्यावर काम भागू शकतं.

१६. वेगवेगळ्या ब्रँडचे सिंबल एका सेटमध्ये चालतात का?

चालतात, आणि कित्येकदा जास्त चांगले वाजतात. पट्टींचा जिना नीट असावा: हाय-हॅट वर, मग छोटा क्रॅश, मोठा क्रॅश, राइड खाली. दोन क्रॅश एकाच पट्टीत आले तर दुसरा निरर्थक होतो (प्रश्न २१). चारही सिंबल एकामागून एक वाजवा. एखादा कुटुंबाबाहेरचा वाटला तर कारण बहुधा वजन असतं, ब्रँड नाही. बी२० च्या पातळ सेटमध्ये एखादा जड ब्रासचा क्रॅश मात्र खरोखर खटकतो.

१७. ब्रिलियंट फिनिशचा आवाज वेगळा असतो का? आणि जुना, काळवंडलेला सिंबल घासून चकाकवावा का?

पॉलिशमुळे चऱ्यांच्या धारा थोड्या मोडतात, म्हणून त्याच मॉडेलचा ब्रिलियंट नग किंचित गुळगुळीत वाजतो. दोन नगांच्या वजनातला फरक यापेक्षा मोठा असतो, तेव्हा फिनिश डोळ्यांना आवडेल तो घ्या.

वापराने साठणारा थर वरचे स्वर हळूहळू दबवतो. पातळ राइडला ते कित्येकदा शोभतं. बोटांचा घाम आणि चिकट मळ सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ फडक्याने, चऱ्यांच्या दिशेने पुसा आणि लगेच कोरडा करा. खरखरीत पावडर, तारेची घासणी, फिरतं बफिंग चाक यांपासून दूर राहा. चाकाने धातू तापतो आणि ठोक्यांनी भरलेला ताण सैल पडू शकतो. न कातलेला किंवा मुद्दाम काळा ठेवलेला सिंबल पॉलिशने उजळवला की मूळ आवाज परत येत नाही.

१८. दुकानात सुंदर वाटलेला क्रॅश बँडमध्ये ऐकूच येत नाही. सिंबल खराब आहे का?

नाही, जागा बदलली. एकट्याने ऐकताना आपल्याला दाट, खालचे, लांब घुमणारे स्वर आवडतात. बँडमध्ये त्या जागेत गिटार आणि गाण्याचा आवाज बसलेला असतो, उरते फक्त वरची धार. दुकानात जरा टोचणारा सिंबल मंचावर बरोब्बर बसतो. माईक असतील तर उलटा हिशेब करा: पातळ, ड्राय, डार्क घ्या, कारण माईक धार वाढवतो आणि लांब घुमारा शेजारच्या स्नेअर ड्रमच्या माईकमध्येही शिरतो. प्रार्थनागृह, सभागृह अशा घुमणाऱ्या जागेत मोठा, जड सिंबल सगळं गाणं झाकून टाकतो.

१९. पहिला चांगला सेट घेतोय. पैसे आधी कशात घालू?

हाय-हॅटमध्ये. गाण्याचा बराचसा वेळ हात तिथेच असतो. मग राइड, मग एक १८ इंची क्रॅश. ब्रासचे तयार संच, म्हणजे झिल्जियनचा प्लॅनेट झेड, सेबियनचा एसबीआर, माइनलचा एचसीएस, पायस्टीचा पीएसटी ३, सरावाला ठीक आहेत, पण या चौघांत ब्रँडची तुलना करत वेळ घालवू नका. आवाजातली तफावत फार थोडी आहे. एक पायरी वर बी८ किंवा बी१२ पाशी फरक ऐकू येऊ लागतो. पूर्ण बी८ संचाऐवजी बी२० ची वापरलेली हाय-हॅट आणि बाकी जुने सिंबल हा जास्त समाधान देणारा मार्ग आहे.

२०. वापरलेला सिंबल घेताना काय तपासू?

कडेवर नखाने पूर्ण फेरी मारा. नख अडकलं तर तिथे उजेड धरा. चऱ्यांच्या दिशेने गेलेली भेग फसवी असते, कारण ती चऱ्यासारखीच दिसते. मधल्या भोकाची एक बाजू लांबट झिजली असेल तर सिंबल नळीशिवाय वाजलेला आहे. आवाजावर त्याचा परिणाम कमी, पण तिथून भेग सुरू होऊ शकते. मग बोटावर टांगून हलकेच वाजवा. घुमारा अचानक तुटत असेल किंवा बारीक खरखर येत असेल तर भेग आहे, दिसली नाही तरी.

लहान भेगेच्या टोकापुढे ३ मिलिमीटरचं भोक पाडून कडा कानशीने गुळगुळीत केल्या तर भेग काही काळ थांबते. आवाज थोडा ड्राय होतो. पण अशा सिंबलवरून त्या मालिकेबद्दल मत बनवू नका.

२१. माझा १६ इंची आणि १८ इंची क्रॅश एकाच पट्टीत वाजतात. असं कसं?

मोठा तो खालचा, हे जाडी सारखी असेल तरच खरं. सपाट चकतीची पट्टी जाडीच्या प्रमाणात चढते आणि व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. जाडी तीच ठेवून १६ वरून १८ इंचांवर गेलात तर कंप्रता सुमारे २१ टक्के उतरते, म्हणजे जवळपास चार अर्धस्वर. पण १८ इंची २७ टक्के जाड असेल तर ही उतरण भरून निघते. वजनात सांगायचं तर ९५० ग्रॅमच्या १६ इंचीची बरोबरी सुमारे १५२० ग्रॅमचा १८ इंची करतो.

सिंबलला कमान आणि बेल असते, त्यामुळे हे आकडे दिशादर्शक समजा. उपाय सोपा आहे: १८ इंची १२५० ग्रॅमच्या आसपासचा घ्या, किंवा आहे तो ठेवून १६ च्या जागी पातळ १५ इंची लावा.

२२. लो-व्हॉल्यूम सिंबलवरून त्या ब्रँडच्या आवाजाचा अंदाज येतो का?

नाही. झिल्जियन एल८० किंवा सेबियन क्वाएट टोन यांच्या पृष्ठावर शेकडो भोकं असतात आणि तीच आवाज ठरवतात. मालिका, हॅमरिंग, बेल यांचे गुण त्यात उतरत नाहीत. शेजाऱ्यांना त्रास न देता सराव करायला ते छान आहेत. त्यांची आपसांत तुलना करायची तर आवाजापेक्षा काठी किती उसळते ते पाहा, कारण रोज तासभर हाताला तीच सवय लागणार आहे.